बदकबागेत कोंबडा घेणे बंद आहे

मी डॉक्टर आहे असं सांगितलं की समोरचा माणूस लगेच आपल्या गुडघ्याबद्दल बोलायला लागतो. जनावरांची डॉक्टर आहे म्हटलं की तोच माणूस गुडघा झाकून घेतो आणि "अस्सं" म्हणतो. हे "अस्सं" मी नोकरीभर ऐकलं. एक तर बाई, त्यातून चष्मा, त्यातून अकोल्याच्या संस्कृत शिक्षकाची बायको. पण गाय अडली की हेच लोक मोटारसायकल घेऊन दारात हजर. खांद्यापर्यंत हात घालून वासरू ओढून काढलं की मग चष्मा कुणाला दिसत नाही.

आमच्या धंद्यातही मानपान असतो. बैलाचा नंबर पहिला, मग गाय, म्हैस, बकरी. कोंबडी या रांगेत बसतच नाही. गाय आजारी पडली की डॉक्टर येतो, कोंबडी आजारी पडली की पाहुणे येतात. त्यामुळे कोंबडीला पेशंट म्हणून घेऊन येणारा माणूस मला कधी विसरता आला नाही. मी अकोल्याला असताना हिवरखेडचा एक गृहस्थ एसटीने टॉवेलात कोंबडी गुंडाळून आला होता. तिने त्याच्या बायकोची सोन्याची बाळी गिळली होती. बायको म्हणे कोंबडी कापा, आई म्हणे बाळी जाऊ द्या, आणि हा बिचारा दोघींच्या मधोमध. कोंबडीच्या गळ्याखाली दाणे साठवायची पिशवी असते. ती मी चिरली, बाळी काढली, टाके घातले. कोंबडी टेबलावर उभी राहिली आणि तिने पहिली चोच माझ्या अंगठीवर मारली. गृहस्थाने मला हात जोडले आणि कोंबडीला शिव्या दिल्या.

पुढे माझी बदली अचलपूर तालुक्यात झाली. ती वर्षं वऱ्हाडाची चांगली नव्हती. पेपरात आमच्या जिल्ह्यांची नावं रोज येत, आणि चांगल्या बातमीसाठी येत नसत. कापसाला जोड हवी म्हणून कुणी गायी घेतल्या होत्या, कुणी कोंबड्यांची शेड घातली होती. आमच्या खात्याला एकदम महत्त्व आलं होतं. अशातच एका उन्हाळ्याच्या तोंडाशी नंदुरबारकडे बर्ड फ्लू निघाल्याची बातमी आली, मग जळगावचं नाव आलं. जळगाव म्हणजे आमच्या शेजारचंच घर. आमच्याकडे एकही पक्षी आजारी नसताना लोकांनी चिकन सोडलं. शेडवाले कपाळाला हात लावून बसले. त्यांच्यासाठी मला काही करता आलं नाही, याची चुटपूट अजून आहे. ज्यांच्यासाठी करता आलं त्यांची ही गोष्ट.

अचलपूरच्या बाहेर नवाबी काळातली एक बाग आहे. खरं नाव काहीतरी भारदस्त आहे, पण सगळे तिला बदकबाग म्हणतात. मधोमध दगडी हौज, हौजाच्या काठी बारा कमानींची बारादरी, भोवती दीड पुरुष उंचीची भिंत. हौजात पाळीव हंसांचा थवा. ती बदकं नाहीत हे मी गेल्या गेल्या सांगून पाहिलं, कुणी मनावर घेतलं नाही, मग मीही बदकंच म्हणायला लागले. त्यांची देखभाल मुनीरचाचा करत. त्यांच्या घराण्याकडे हे काम नवाबाच्या वेळेपासून होतं. अंगाने काटकुळे, दाढी पांढरी, आणि आवाज असा की हौजाच्या पलीकडच्या काठावरचं बदक मान वळवून बघे.

बागेत बदकांखेरीज कोंबडे होते. नुसते कोंबडेच, कोंबडी एक नाही. ते नवसाचे. हिंदू असो, मुसलमान असो, नवस पुरा झाला की तो माणूस पाय बांधलेला कोंबडा घेऊन हौजाच्या पायरीवर यायचा. आपल्या हाताने दोरी सोडायची आणि ओंजळीतून हौजाचं पाणी पाजायचं. कोंबड्याने पाणी प्यायलं की मुनीरचाचा ओरडत, "कबूल!" त्यानंतर त्या कोंबड्याला जन्मात कुणी सुरी लावायची नाही. नाही प्यायला तर परत न्यायचा, पुन्हा केव्हातरी आणायचा. अशा कबूल झालेल्या, कुणाची भीती नसलेल्या, रिकामटेकड्या कोंबड्यांची एक टोळीच तिथे जमली होती. दिवसभर मारामाऱ्या. फार झालं की एखादं बदक मान लांब करून मध्ये घुसायचं आणि दोघांनाही बडवायचं.

बर्ड फ्लू म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. हा रोग रानबदकं आणतात, विष्ठेतून पसरतो, पाण्यातून, दाण्यातून, माणसाच्या चपलेतून जातो. औषध नाही. एका ठिकाणी निघाला की त्या ठिकाणचे सगळे पक्षी मारायचे, मग भोवतालच्या गावांतले मारायचे. आजारी असोत की ठणठणीत. आणि मारायचं काम आमच्याच खात्याचं. जीव वाचवायचं शिक्षण घेतलेल्या माणसाने पांढरा झगा चढवून हे करायचं. मी ते केलेलं नव्हतं आणि मला ते कधी करायचं नव्हतं.

अमरावतीहून आमच्या साहेबांचा हुकूम आला. बदकबागेच्या हौजावर हिवाळ्यात आलेली रानबदकं अजून रेंगाळत होती, तेव्हा बागेतले पक्षी झाकून ठेवा, बाहेरचा एकही पक्षी आत घेऊ नका. हुकूम एका ओळीचा होता. साहेबांनी चवताळलेला हंस कधी पकडला नसावा.

बारादरीच्या बारा कमानींना भोई लोकांकडून मासे धरायची बारीक जाळी आणून बांधली. बदकं आत घालताना माझ्या शिपायाच्या मांडीला असा चावा बसला की तो आठवडाभर खुर्चीच्या कडेवर बसत होता. राहिले कोंबडे. मी म्हटलं, त्यांनाही एका खोलीत कोंडू. मुनीरचाचा हसले.

"डॉक्टरबाई, हे मुर्गे एका कोठ्यात ठेवसान तं सकाई निस्ते पिसं सापडतीन तुमाले."

तोडगा वरूडहून आला. तिथल्या एका संत्रा व्यापाऱ्याने पूर्वी बागेत कोंबडा सोडला होता. त्याने कोऱ्या लाकडी पेट्या धाडल्या. एका पेटीत एक कोंबडा, फटीतून मुंडी बाहेर. बारादरीत पेट्यांची रांग लागली आणि प्रत्येक पेटी शेजारच्या पेटीला शिव्या घालू लागली. दारात चुना पसरला, जांभळ्या औषधाच्या पाण्याचं घमेलं ठेवलं. पाय बुडवल्याशिवाय आत यायचं नाही.

मग मुख्य अडचण निघाली. जो झाकून ठेवलेल्या पक्ष्यांना दाणा घालतो त्याच्या घरी कोंबड्या असता कामा नयेत, कारण रोग त्याच्याच पायांनी येतो. मुनीरचाचांच्या घरी कोंबड्या होत्या, आणि त्या त्यांच्या बायकोच्या, सुग्राबींच्या होत्या. मी समजावायला घरी गेले. सुग्राबींनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "मुर्गियां नहीं जाती मेरी. तुमको जाना है तो तुम जाव."

चाचा त्याच संध्याकाळी बिछाना घेऊन बागेत राहायला गेले. सुग्राबी दोन्ही वेळा डबा भिंतीवरून दोरीने आत सोडत, आणि डब्यापाठोपाठ मोहल्ल्यातल्या सगळ्या बातम्याही. चाचा मला म्हणाले, "चाळीस साल झाले निकाहले, इतकी बात कधी केली नव्हती तिनं माह्यासंगं."

इथवर सगळं सुरळीत होतं. पुढचा घोळ लोकांच्या भलेपणाने झाला. गावोगाव आवई उठली की सरकार कोंबड्या मारत सुटलंय. आता कोंबड्या वाचवायच्या कुठे? जिथे कुणी सुरी लावत नाही तिथे. एका सकाळी चाचांचा फोन आला. बागेच्या अंगणात कोंबड्या फिरत होत्या. भिंतीवरून कुणीतरी टाकून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी आणखी. देशी, गावरान, बोडक्या मानेच्या, तुर्रेवाल्या, एक तर पिल्लांसकट टोपलीत बसवून दोरीने अलगद आत सोडलेली. ज्या भिंतीच्या आत मी एकही पक्षी येऊ द्यायचा नव्हता, तिथे अर्ध्या तालुक्याची कोंबडी जमत होती, आणि प्रत्येक घरचा रोग, असेल तर, सोबत येत होता.

मी दारावर उभी राहिले. जिच्याशी पहिली गाठ पडली ती पारबताबाई. जवळच्या खेड्यातली, साठीची, अंगात जोर चांगला. काखेत एक करडी कोंबडी होती. तिच्या दोन कोंबड्या आधीच आत जाऊन पडल्या होत्या.

"बाई, ही घरी घेऊन जा," मी म्हटलं.

"काहून वं? सरकार माह्या कोंबड्या माराले येऊन राह्यलं, अन् तू मलेच दटावून राह्यली?"

"कोणी मारायला येत नाही. पण इथे एक जरी आजारी निघाली तर सगळ्या मराव्या लागतील. बदकंसुद्धा."

"इथं कोनी मारत नाई. नवाबाच्या टायमापासून नाई."

रागावले की माझं पुस्तकी मराठी गळून पडतं. "अवं, मलेच माराव्या लागतीन ना मंग! माह्याच हातानं! मले काय हौस हाय काय?"

पारबताबाईने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "म्हंजे तूच हायेस का ते कोंबडीमारी?"

बाजारात माझं हे नाव पडलं होतं. मला पत्ता नव्हता.

शेवटी लोंढा थांबवला तो मुनीरचाचांनी. पण त्यांची कोंडी माझ्याहून मोठी होती. आत सोडलेला जीव परत देणं त्यांच्या घराण्यात कधी झालं नव्हतं. मी रीतच पुन्हा नीट विचारली. दोरी कोणी सोडायची? नवसवाल्याने. पाणी कोणी पाजायचं? त्यानेच. मग यांना पाणी कोणी पाजलं? चाचांनी दाढी खाजवली. मग दारात येऊन त्यांनी त्यांचा तो आवाज लावला.

"दीवारीवरून फेकलेला जीव कबूल नाई! बाग काय उकिरडा हाय का? ज्याची त्यानं घेऊन जावं!"

बातमी बाजारातून फिरली. फेकून दिलेला नवस म्हणजे अर्धवट राहिलेला नवस, आणि तो आपल्याच अंगावर येणार, या भीतीने बाया कोंबड्या परत न्यायला निघाल्या. मी सुटकेचा श्वास टाकते न टाकते तोच पहाटे चाचांचा फोन आला.

"डॉक्टरबाई, एक लवंडली."

अंगणात एक काळी कोंबडी मरून पडली होती, मान पाठीकडे पिळवटलेली. आणखी एक कोपऱ्यात झोकांड्या खात होती. मान पिळवटणं हे आमच्या जुन्या ओळखीच्या राणीखेत रोगाचं लक्षण. गावात त्याला मानमोडी म्हणतात. पण बर्ड फ्लूमध्येही असं होऊ शकतं, आणि डोळ्यांनी बघून दोघांतला फरक सांगणारा डॉक्टर मी अजून पाहिलेला नाही. नमुने घेतले, बर्फात बांधले आणि माणसासोबत भोपाळच्या प्रयोगशाळेत धाडले. साहेब फोनवर म्हणाले, "निकाल येईपर्यंत आतलं पीसही बाहेर जाता कामा नये. आणि मॅडम, तयारी करून ठेवा."

आता कोंबड्या परत न्यायला आलेल्या बाया दाराबाहेर, आणि मी आडवी. कालपर्यंत त्या आत टाकू देत नाही म्हणून माझ्याशी भांडत होत्या, आज बाहेर देत नाही म्हणून भांडू लागल्या. पारबताबाई सगळ्यांच्या पुढे. माझ्या सगळ्या नोकरीत एवढ्या शिव्या मला एकत्र कधी मिळाल्या नव्हत्या.

तयारी म्हणजे खड्डा. बागेच्या मागच्या अंगाला चिंचेखाली मी आणि शिपाई दोरी लावून जागा आखत होतो. चाचा येऊन उभे राहिले.

"हे कायले, बाई?"

मी सांगितलं. खोटं बोलायची सोय नव्हती. निकाल वाईट आला तर सगळे जाणार, अंगणातले, पेट्यांतले, बारादरीतले. चाचा बारादरीकडे बघत राहिले. जाळीमागे बदकं रांगेने उभी होती. हौज समोर दिसत होता आणि आपल्याला सोडत का नाहीत हे त्यांना कळत नव्हतं.

"तुमीच करसान?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"मंग ठीक हाय. दुसऱ्या कोनाच्या हातानं नोको."

मला वाटलं होतं ते रागावतील, रडतील, मला हाकलतील. त्यांनी माझ्यावर एवढा विश्वास टाकला आणि मीच पार ओशाळले. मी घमेल्याशी गेले, पाय बुडवत उभी राहिले आणि डोळे पुसले. आणि त्या जांभळ्या पाण्यात उभ्या उभ्या मी, राणीखेतच्या लसीवर तालुकाभर भाषणं देणारी बाई, हौजाकडे तोंड करून नवस बोलले. बदकं वाचली तर कोंबडा सोडीन. कुणाला सांगितलं नाही. सांगायची लाजच होती.

निकाल फोनवर आला. साहेबांनी आधी माझी तब्येत विचारली, मग हवापाण्याचं बोलले. मला वाटलं आता मी फोनमधून हात घालून त्यांची गचांडी धरते. मग म्हणाले, "राणीखेत निघाला हो. फ्लू नाही."

मानमोडी झाली म्हणून नाचलेली पशुवैद्य बहुधा मी एकटीच. बदकांना हा रोग सहसा बाधत नाही, आणि पेट्यांतल्या कोंबड्यांना मी दरवर्षी लस देत आले होते. अंगणातल्या काही कोंबड्या मात्र गेल्या. त्या चिंचेखालच्या खड्ड्यात गेल्या आणि त्यांच्यातल्या काळीची मालकीण कोण ते कधीच कळलं नाही. बाकीच्यांना लस दिली, साथ ओसरेपर्यंत ठेवून घेतलं, आणि मग एक दिवस दाराबाहेर परतीचा बाजार भरला.

तो दिवस बघायला हवा होता. एका तांबड्या कोंबडीला तीन मालकिणी निघाल्या. शेजारणी एकमेकींच्या झिंज्या धरणार असं दिसलं. मी म्हटलं, सगळ्याच कोंबड्या खाली सोडा आणि एकेकीने आपल्या घरी दाणे टाकताना मारता तशी हाक मारा. आणि मग त्या दारात जे काही ऐकू आलं! कुणी "आ आ आ", कुणी "कुरू कुरू", कुणी जिभेने टकटक, कुणी शिट्टी, आणि एकीने तर चक्क आपल्या सुनेचं नाव घेतलं. कोंबड्यांनी मान वर केली आणि त्या तांबडीसकट सगळ्या आपापल्या बाईकडे धावत सुटल्या. पारबताबाई हाक मारायला ओठ उघडते तोच तिच्या दोघी तिच्या पायात. तिने त्यांना पदराखाली घेतलं आणि रडायलाच लागली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कोंबडीमारी नाई वं तू." माझ्या निवृत्तीला झालेली सगळी भाषणं एका बाजूला ठेवा आणि हे एक वाक्य एका बाजूला.

जाळी निघाली. बदकं बारादरीतून उतरली, पायरीवर क्षणभर थांबली आणि सगळी एकदम पाण्यात. चाचा घरी राहायला गेले, सुग्राबी म्हणाल्या, "आ गए बादशहा." बाहेरचे पक्षी आत न घेण्याचा नियम मात्र मी कायम ठेवायला लावला. दारावर पाटीच लिहून घेतली, बदकबागेत कोंबडा घेणे बंद आहे. खाली माझी सही.

आणि मला माझा नवस फेडायचा होता.

परतवाड्याच्या बाजारातून एक तांबडा कोंबडा घेतला, लस टोचली, बरेच दिवस जाऊ दिले, आणि एका सकाळी त्याचे पाय बांधून, काखेत मारून बागेच्या दारात गेले. नेमका गर्दीचा दिवस. पारबताबाईसुद्धा होती. मुनीरचाचांनी माझ्याकडे बघितलं, कोंबड्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं आणि दाराचं लोखंडी फाटक पुढे ओढलं.

"अंदर नाई, बाई."

"चाचा, मीच लस दिली आहे. मीच तपासलाय."

"हुकूम हाय."

"हुकूम माझाच आहे!"

"म्हनूनच तं," चाचा म्हणाले. "तुमचाच नाई पाळला तं कोनाचा पाळू?"

लोक हसायला लागले. मी काखेतला कोंबडा सावरत उभी. तालुक्याच्या देखत एवढी पंचाईत माझी कधी झाली नव्हती. चाचांनी मात्र हौजावर जाऊन तांब्याभर पाणी आणलं आणि फाटकाच्या गजांतून माझ्या ओंजळीत ओतलं. मी आधीच दोरी सोडली होती. कोंबड्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, माझा जीव टांगणीला लावला, आणि मग चोच बुडवली.

"कबूल!" चाचांचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला.

"आता याचं करू काय?"

"घरी न्या. कबूल झाला, आता याले कोनी सुरी लावू शकत नाई. बागेतच राहावं असं कोठी लिवलं हाय?"

"मले सांगत होती ना, घरी ने म्हनून?" पारबताबाई मागून म्हणाली. "ने आता."

त्यानंतर बदकबागेत हीच रीत पडली. फाटकाबाहेर पाणी पाजायचं आणि कोंबडा घरी न्यायचा. मी माझा कोंबडा अकोल्याला घरी नेला. आमच्या गल्लीत दोन भटजी, एक वकील आणि बाकीचे मास्तर. अंडं आणायचं तरी पिशवीत पिशवी घालून. ह्यांनी दार उघडलं, कोंबड्याकडे बघितलं आणि संस्कृतमध्ये काहीतरी म्हणाले. मी अर्थ विचारला नाही. तो आमच्या अंगणात म्हातारा होऊन मेला. तोवर रोज पहाटे तो आरवायला लागला की शेजारचे वकील खिडकी धाडकन लावत. मी उशीत तोंड खुपसून हसत असे, आणि डोळ्यांसमोर तिकडे अचलपूरला बदकं एकामागून एक पाण्यात उतरत असत.